पदं टिळकांची, घर लक्ष्मीबाईंचं

नालासोपारा पूर्वेच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणालाही गाव विचारा, उत्तर येतं राहुरी, नेवासा, संगमनेर, जालना, बीड. बाहत्तरच्या दुष्काळात यांचे आईबाप नाहीतर आजीआजोबा मुंबईला आले, मिळेल त्या कामाला लागले, भायखळा-धारावीच्या खोल्यांत पोरं वाढवली. पुढे तिथली जागा परवडेना तसे विरार लोकलच्या एकेका स्टेशनाने वर सरकत इथवर पोचले. वसईत ख्रिस्ती माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतात ती पश्चिमेकडची गावं, नंदाखाल, सांडोर, गास, गिरीज. पोर्तुगीज अमदानीपासूनची कॅथलिक वस्ती, उंच चर्चं, लग्नाला बॅन्ड, मिस्साला कॉयर. आमचं तसं काही नाही. एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन दुकानगाळे एकत्र करून मंडळी भरते. शटर वर गेलं की आमचं देऊळ उघडलं.

या देवळात गाणं बसवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आधी शाळेत संगीत शिकवायचे, आता निवृत्त आहे, त्यामुळे सगळ्यांनी गृहीतच धरलंय की बाई मोकळ्याच आहेत. रविवारची उपासना, नाताळ, पुनरुत्थान, लग्न, मयत. काहीही असो, पेटी उघडायची ती मी. आणि पेटी उघडली की निम्म्याहून जास्त वेळा हात वळतो तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पदांकडे. 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक टिळकांशिवाय उभंच राहत नाही, इतकी त्यांची पदं त्यात आहेत. गंमत म्हणजे जे लोक ही पदं जन्मभर गातात त्यातल्या कितीतरी जणांना ती कुणाची हे ठाऊक नसतं. माझ्या सासूबाई राहुरीकडच्या. अक्षरओळख नव्हती, पण पदं इतकी पाठ की पुस्तकात बघून गाणारे अडखळायचे आणि त्या पुढे निघून जायच्या. एकदा मी त्यांना सांगितलं, हे पद टिळकांचं, ते कोकणातले चित्पावन ब्राह्मण होते. सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बामणाचं व्हय? मग त्यानं आमच्या चालीत कसं काय लिव्हलं?"

मला आजवर टिळकांवर ऐकलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो. टिळकांचा जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृत पक्कं, कवी म्हणून नाव झालेलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतरची त्यांची बरीचशी हयात गेली नगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात. तिथली मंडळी कोण? बहुतेक गावकुसाबाहेरची, शेतमजूर, पुस्तक वाचता न येणारी. आणि त्यांच्यापुढे गायला होती पुष्कळशी भाषांतरित गीतं, विलायती चालींवर बसवलेली.

ज्याने अशी गीतं शिकवलीत त्यालाच त्यांचा त्रास कळतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ हे गाण्याचं हाड आहे. विलायती चालीत आघात पडतो एका जागी आणि आपला दीर्घ स्वर असतो भलत्याच जागी. मग 'प्रभू'मधला 'प्र' लांबतो, 'भू' गिळला जातो आणि पोरं नुसतं तोंड हलवतात. टिळकांच्या आधी नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं होतं, वाट अगदीच नवी नव्हती. पण टिळकांनी तिचा हमरस्ता केला. अभंग घेतला, ओवी घेतली, भजनाचं धृपद घेतलं. मोठ्या अभंगाची मापं तर पोरांना बोटांवर मोजून दाखवता येतात: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. वाचता येण्याची गरजच नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, आणि त्या पुलावरून त्यांनी माझ्या सासूबाईंसारख्या कितीजणींना चालवलं याची गणती नाही.

तर अशा माणसाचा स्मृतिदिन ९ मे. १९१९ साली त्या दिवशी मुंबईत ते गेले. मे महिना म्हणजे शाळा-कॉलेजं बंद, गावाला जाणारे गावाला गेलेले, उरलेली पोरं उकाड्यात इमारतीखाली मोबाइलवर. आमच्याकडे हा दिवस दरवर्षी पाळला जायचा तो कसा? फ्लेक्स, हार, तीन वक्ते, आणि प्रत्येकाच्या भाषणात तीच आगगाडीची गोष्ट. तरुण मंडळी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, वक्त्याच्या पाण्याच्या घोटाबरोबर एकेक करून पसार. मला या प्रकाराचा भारी कंटाळा. पदकाराचा दिवस आणि त्याची पदं किती? सुरुवातीला एक, शेवटी एक.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, यंदा भाषणं बंद. तरुण पोरापोरींना महिनाभर आधी बसवते, टिळकांची जुनी, कुणी न गायलेली पदं काढू आणि त्यांच्याकडूनच म्हणवून घेऊ. ते म्हणाले, "बाई, पोरं येतील का?" प्रश्न रास्त होता. आमची पोरं म्हणजे वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत बारा-बारा तास राबणारी, पार्सलं पोचवणारी. पोरी पॅकिंगला नाहीतर अंधेरीच्या ऑफिसांत. विरार लोकलमधून उतरल्यावर माणसाला गाण्याची नाही, पाठ टेकायची इच्छा होते. आणि ज्यांना कामच नाही त्यांची कथा वेगळी. त्यांना संध्याकाळी गाठणारे दुसरे लोक इथे पुष्कळ आहेत, आणि ते भजन शिकवत नाहीत.

पहिल्या बैठकीला आलं ते एक पोरगं, तेही आईने ढकलून पाठवलेलं. दहावीनंतर शाळा सुटली, वालीवला डाय बनवणाऱ्या गाळ्यात कामाला. कोपऱ्यात बसून मोबाइल चाळत होता. मी पेटी उघडली. पेटी सासऱ्यांची, दुहेरी सुरांची, एका पट्टीला दोन सारखे सूर. वसईच्या खाऱ्या-दमट हवेने पेट्यांचे हाल होतात. पट्ट्या फुगतात, अडकतात, भात्याचं चामडं कडक होतं. त्या दिवशी काळी दोन वाजवली की आवाज थरथरत होता. मोबाइलवरून मान न उचलता पोरगं म्हणालं, "बाई, त्यातलं एक लूज आहे." मी विचारलं, तुला काय कळतं? तर म्हणाला, "मशीनची बेअरिंग गेली की असंच घुमतं."

मी वरची फळी काढली आणि त्याला जवळ बोलावलं. पितळेची ती बारीक जीभ त्याने पहिल्यांदा पाहिली. सांगितलं, ही टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पण केसाएवढं जास्त गेलं की सूर मेला, नवाच आणावा लागतो. बाजारात बसणारे कारागीरसुद्धा इथे घाईत हात मारतात. या पोराने दुसऱ्या दिवशी गाळ्यातून बारीक कानस आणली, जिभेखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, दोन हलके हात फिरवले, फुंकर मारली, बसवून वाजवलं, कान लावला. परत काढलं. परत एक हात. घुमणं हळूहळू संथ झालं आणि मग दोन्ही सूर एकमेकांत मिसळून थांबले. असं त्याने त्या आठवड्यात पेटीतले निम्मे सूर तपासले. गाण्याचं मी त्याच्याजवळ अजून नावही काढलं नव्हतं. भाता कसा मारायचा हे तो दुरुस्तीच्या नादातच शिकला, आणि एकदा भाता हाताला बसला की माणूस नुसता भाता मारत राहू शकत नाही.

तो आला म्हणून त्याचे दोन मित्र आले. मित्रांमुळे, खरं सांगायचं तर, मुली आल्या. चाळीतला एक मालवणी मुलगा आला, त्याचे वडील वारकरी. पखवाज घरातच शिकलेला. त्याला मी टिळकांचा एक अभंग नुसता म्हणून दाखवला आणि दुसऱ्या चरणाला त्याने भजनी ठेका धरला. काही समजावून सांगावं लागलं नाही. इथे मात्र मंडळीत कुजबुज सुरू झाली. आपल्या देवळात बाहेरचं पोरगं कसं, बाप्तिस्मा नाही, उद्या कुणी काही म्हणालं तर? इकडून आणि तिकडूनही. हल्ली अशी भीती अगदीच बिनबुडाची आहे असंही मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाचा दिवस आपण पाळतोय त्याने शेवटच्या दोन वर्षांत काय केलं ते तरी बघा, म्हटलं. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त झाले, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती तशी न झालेल्यांनाही होती. पाळकसाहेब हसले. मुलाच्या वडिलांना मी स्वतः जाऊन भेटले. ते म्हणाले, "अभंग हा ना? मग वाजवूदे की."

गिटारचा वाद याहून जोराचा झाला. आमच्यातल्या एका मुलीची सांडोरची मैत्रीण, तिचा भाऊ तिथल्या कॉयरमध्ये गिटार वाजवतो. तो दोनदा येऊन बसला आणि पोरांना वेड लागलं. जुन्या लोकांचं म्हणणं, टिळकांनी विलायती चाली घालवल्या आणि तुम्ही गिटार आणता? मला या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, पण माझं मत गिटारच्या बाजूने पडलं. टिळकांचं भांडण वाद्याशी नव्हतं, चालीशी होतं. शिवाय वसईच्या पोराला गिटार परकी कशी? त्याच्या पणजोबाच्या लग्नातसुद्धा बॅन्ड वाजलाय. माझी अट एकच होती: शब्द मोडायचे नाहीत. इंटरनेटवरच्या स्तुतिगीतांत असतं तसं शेवटची ओळ वीस वेळा घोळवायची नाही, आणि दीर्घ तो दीर्घच राहील. गिटारवाल्या मुलाने हे पटकन पकडलं. त्याच्या घरी सामवेदी बोलतात, कानाला मराठीचे तऱ्हेतऱ्हेचे हेल सरावलेले. पखवाजाच्या ठेक्याला अंगठ्याने साथ करत तो इतका मागे राहिला की ज्येष्ठांपैकी एकाने नंतर मला विचारलं, ते गिटारचं काय झालं, रद्द केलं वाटतं?

हे सगळं चाललं होतं आमच्या घरात. देवळाच्या गाळ्यात रात्री नऊनंतर आवाज करायला सोसायटीची बंदी, आणि पोरं कामावरून येणार आठ-साडेआठला. त्यामुळे दीड खोलीच्या घरात दहा-बारा जण, चपलांचा ढीग जिन्यात, आणि मोठा प्रश्न असा की कामावरून थेट आलेलं पोर उपाशी असतं. उपाशी पोराकडून वरचा षड्ज निघत नाही. म्हणून चहा, मग चहाबरोबर पाव, मग एक दिवस खिचडी, आणि मग खिचडी रोजचीच झाली. दहा किलो तांदूळ बघता बघता गेले. आमचे हे काही बोलले नाहीत, पण डब्यात वाकून बघायला लागले.

तेव्हा मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४पासून भागाभागाने आलं, आणि मराठीत आत्मचरित्र म्हटलं की आजही आधी त्याचंच नाव निघतं. तरुणपणी वाचलं तेव्हा त्यातला विनोद आवडला होता. आता स्वयंपाकघरात उभं राहून वाचताना वेगळंच दिसलं. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही. वाटेत भेटलेला विद्यार्थी, अनाथ पोर, अडलेला माणूस, सगळ्यांना ते घरी घेऊन यायचे. फुलामुलांचा कवी म्हणून त्यांची ओळख आहे आणि ती खरीच आहे. पण कवीने घरी आणलेल्या मुलाला रात्री पोळी कोण वाढणार, हा हिशेब बाईंकडे. जळगावला १९०७ साली कविसंमेलन भरलं, तिथे सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोमरे 'बालकवी' झाला. पुढे नगरला टिळकांच्या घरी तो राहिला, घरच्या मुलासारखा. आज त्याच्या कविता शाळेतल्या प्रत्येक पिढीला माहीत आहेत. १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला, आणि पुढच्याच मेमध्ये टिळक.

आणि ही अन्न वाढणारी बाई कोण? नवऱ्याने धर्म बदलल्यावर पाच वर्षं सोवळं सांभाळत दुःखात काढलेली, मग विचार करकरून जातीची शिवाशिव मनातून काढून टाकलेली, आणि १९००मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झालेली. टिळकांनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं हे सगळे सांगतात. टिळकांनी अर्धवट टाकलेलं 'ख्रिस्तायन' तिने पुढे लिहून पुरं केलं हे जरा कमी सांगतात. आमच्या फ्लेक्सवर तर ती कधीच नव्हती. आजीआजोबांच्या पिढीतून नगरकडून आलेल्या आमच्या लोकांना टिळक जवळचे वाटतात त्यामागे त्यांची पदं आहेत, तितकंच ते उघडं दार आहे. ते दार उघडं ठेवण्याचा खर्च बाईंनी भरला. मी हे पोरींना सांगितलं तेव्हा त्यातली एक, अंधेरीला हिशेबाचं काम करणारी, म्हणाली, "म्हणजे टिळकांचा सगळा प्रोजेक्ट त्यांनी चालवला." शब्द मला रुचला नाही, हिशेब बरोबर होता.

९ मेला फ्लेक्स केला नाही. दोन फोटो लावले, सारख्या आकाराचे. ज्येष्ठांच्या आग्रहाखातर एका वक्त्याला पाच मिनिटं दिली होती. ते आगगाडीपर्यंत पोचता पोचता दहा मिनिटं झाली, आणि राजनांदगाव यायच्या आतच पखवाजवाल्याने चुकून की मुद्दाम एक थाप मारली. लोक हसले, वक्तेही हसले आणि खाली बसले. पोरांनी आठ पदं म्हटली. त्यातल्या तिनांच्या चाली त्यांनीच बसवलेल्या होत्या, आणि त्यातली एक मला अजिबात आवडली नाही, उगाच सिनेमासारखी झाली होती. बायकांनी मात्र नेमकी तीच उचलून धरली. मधे हिशेबवाल्या मुलीने 'स्मृतिचित्रे'तलं एक पान वाचलं. शेवटच्या रांगेतून कुणी उठून गेलं नाही, याचं श्रेय मी पंख्यालाही देते. त्या दिवशी वीज गेली नाही.

नंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विरारच्या एका मंडळीची पेटी बरीच वर्षं कपाटात पडून होती. तिथल्या महिला संघाच्या बायका कार्यक्रमाला आल्या होत्या. त्यांनी आमच्या कानसवाल्या पोराला गाठलं, येऊन बघशील का म्हणून. तो दोन रविवार गेला, भाता उतरवला, चामडं बदललं, सूर लावले. तिसऱ्या रविवारी माझ्याकडे आला आणि चुळबुळत म्हणाला, "बाई, ते पैसे देतायत. देवाच्या कामाचे घ्यायचे असतात का?" घरात आमचे हे म्हणाले, नको घेऊस, सेवा म्हणून कर. टिळकांनीही हेच सांगितलं असतं, यात मला शंका नाही. मी त्याला म्हटलं, सामानाचे वेगळे घे, मजुरीचे वेगळे घे, आणि पावती दे. आता त्याच्याकडे नायगावची एक आणि वसई गावातली एक अशा दोन पेट्या आल्या आहेत. वालीवचा गाळा त्याने सोडलेला नाही, सोडूही नये इतक्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी तो अजून येतो, खिचडी खातो, आणि वरचा षड्ज अजूनही त्याला नीट लागत नाही.